टाचणीचे पाच विषय

शाळेतल्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला तेव्हा दादाचे दोन्ही हात गोंदाने बरबटलेले होते, म्हणून त्याने कोपराने बटण दाबून फोन स्पीकरवर टाकला. हात स्वच्छ असते तर त्याने फोन कानाला लावला असता, "हो हो, सांगतो" म्हणून ठेवून दिला असता आणि आपल्याच खुशीत पुन्हा सोफ्याच्या पाठीला भिडला असता. पण बाईंचा आवाज खुर्च्या-सोफे मढवायच्या त्या साऱ्या कारखान्यात घुमला. त्या वेळी आत्या मोठ्या टेबलावर मखमल कापत होती, टाचणीचे आजोबा, अप्पा, दाराशी बसून जुने खिळे ठोकून सरळ करत होते आणि वहिनी, म्हणजे टाचणीची आई, ड्यूटीवर जाता जाता सगळ्यांचे डबे ठेवायला आत आली होती.

"तुमच्या मुलीने पुढच्या वर्षासाठी पाच विषय प्रगत पातळीवर मागितलेत," बाई म्हणाल्या. "घरी सगळ्यांचं बोलून ठरलंय का?"

"माझी पुतणी ती," दादा म्हणाला. "आणि पाच नसतील बाई. एक असेल. भौतिकशास्त्र."

"भौतिकशास्त्र आहेच. शिवाय गणित, जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि साहित्य."

दादाने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी हातातल्या खिळ्याकडे पाहिलं. वहिनीने एका डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं. आत्याची कात्री मखमलीच्या मधोमध थांबली. कापड असं अर्ध्यात सोडताना तिला त्या कारखान्यात कोणी पाहिलेलं नव्हतं.

"बंदी अशी काही नाही," बाई शांतपणे सांगत होत्या. "पण प्रगत म्हणजे रोजचा जादा तास, घरचा अभ्यास दुप्पट, शास्त्राचा विषय असला तर प्रयोगशाळा वेगळी. बहुतेक मुलं दोन घेतात. तीन घेणारीही असतात, पण त्यांचं बाकी सगळं सुटतं, झोपसुद्धा. पाच घेतलेलं मूल मी अजून पाहिलं नाही. सोमवारपर्यंत वेळ आहे, तुम्ही तिच्याशी बोला." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी तिला विचारलं, यातलं तुला स्वतःला काय आवडतं? तर म्हणाली, सगळ्यांना आवडेल असंच घेतलंय."

फोन बंद झाला. अप्पांनी घसा खाकरला आणि फर्मान काढलं, "रविवारी बसू."

आता हे घडलं कसं ते सांगायला हवं, कारण असली चूक याच घराला जमू शकते. टाचणी ही घरातली एकुलती एक पोर. लहानपणी कारखान्यात रांगत फिरायची आणि खाली पडलेल्या टाचण्या वेचून आत्याच्या हातात द्यायची, म्हणून टाचणी. दादाची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आत्याने लग्न केलं नाही. तेव्हा पोर एकाची आणि माया सगळ्यांची, असा प्रकार होता. आणि गेल्या काही महिन्यांत प्रत्येकाने तिला एकटीला गाठून, गुपचूप, एक एक विषय तिच्या गळ्यात बांधला होता.

दादाने तिला स्प्रिंगा बांधायला बसवून गळ घातली होती. "स्प्रिंग किती दबते आणि किती उसळते हे मला हाताला कळतं गं. का, ते कळत नाही. तू भौतिक घे, मग मला शिकव." वहिनी इस्पितळात रक्त तपासते. तिने सुट्टीच्या दिवशी लेकीला तिथे नेऊन सूक्ष्मदर्शकाखालचा एक थेंब दाखवला होता आणि परत येताना बसमध्ये जीवशास्त्राचं काढलं होतं. अप्पांनी आकडेमोडीत आयुष्यभर मार खाल्लेला. त्यांनी फिरायला जाता जाता सांगितलं, "गणित आलं की माणसाला कोणी उल्लू बनवत नाही." टाचणीचा बाप, दादाचा आणि आत्याचा धाकटा भाऊ बाळ्या, कारखाना सोडून विमा कंपनीत गेलेला. त्याला अर्थशास्त्रापलीकडे जग दिसत नव्हतं. प्रत्येकाने शेवटी एकच वाक्य म्हटलं होतं, "आपल्या दोघांतच ठेव हं." आणि प्रत्येकाला टाचणीने "बरं" म्हटलं होतं.

राहिलं साहित्य. ते कोणाचं, हे रविवारपर्यंत फक्त दोघींना ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी आत्या फोमचा तुकडा शोधायला मागच्या खोलीत गेली, तर ढिगात टाचणी झोपलेली. झोपलेली कसली, पडलेलीच. चप्पल पायातच होती, छातीवर भौतिकाचं जाडजूड पुस्तक होतं आणि हातात जीवशास्त्राचं. शाळेने सुट्टीत तयारीसाठी म्हणून पुस्तकं दिली होती आणि ही पाचही घेऊन बसली होती. पूर्वी ती शनिवारी पोहायला जायची. पोहणं कधी बंद झालं, हे आत्याने आठवायचा प्रयत्न केला आणि तिला आठवेना. अंगठ्याच्या नखाजवळची कातडी पोरीने कुरतडून लाल केली होती.

"टाचणे," आत्याने हलकेच हाक मारली.

पोर दचकून उठून बसली. डोळे नीट उघडायच्या आत तिच्या तोंडून निघालं, "झालं, झालं, करतेच आहे."

"कोणाला सांगतेयस? मी आहे."

"अं? हो." मग ती हसली. "आत्या, तू दिलेली कादंबरी अर्धी झालीय. आज संपवते."

कादंबरी तिने प्रेमाने दिली होती, आणि पोर ती संपवायचं काम म्हणून वाचत होती. "राहू दे गं," असं काहीतरी पुटपुटून ती फोम न घेताच बाहेर आली. ग्राहकाच्या खुर्चीला त्या दिवशी जुनंच भरण गेलं.

रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून घरातले सगळे निर्णय तिथेच व्हायचे. घर वर, कारखाना खाली, मधे एक जिना. एरवी कडक नियम असा, की ग्राहकाच्या तयार खुर्चीवर घरच्यांनी टेकायचं नाही. त्यामुळे बैठक म्हणजे गंमतच असे. दादा एका सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर फळी टाकून बसला. बाळ्या फोमच्या गुंडाळीवर बसला आणि हळूहळू तिच्यात रुतत गेला. वहिनी शिवणयंत्राच्या स्टुलावर. अप्पा आपल्या खास खुर्चीत, जी कोणा ग्राहकाने मढवायला टाकली आणि मग न्यायला आलाच नाही. टाचणी मधोमध एका पाटावर बसली होती आणि दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

दोघा भावांचं बाळ्याने कारखाना सोडल्यापासून बोलणं नव्हतं. म्हणजे भांडणही नव्हतं. एकाच जिन्यावरून जायचे, एकाच टेबलावर जेवायचे, पण बोलायचे ते टाचणीमार्फत. "त्या साहेबाला म्हणावं, वरचा नळ गळतोय, कधी उठायचा विचार आहे?" असं दादा म्हणायचा. टाचणी वर जाऊन सांगायची, "बाबा, काका विचारत होते, नळाचं आपण कधी बघू या?" निरोपातले काटे वाटेत काढून टाकायची सवय तिला चालता यायला लागल्यापासूनची. आज मात्र ती स्वतःच मधे बसलेली, त्यामुळे निरोप न्यायला आत्या उरली.

"ताई, दादाला विचार," बाळ्या म्हणाला, "मुलीच्या बापाला न विचारता तिला विषय देण्याचा अधिकार ह्याला कोणी दिला?"

"त्याला सांग," दादा म्हणाला, "बापाने तरी कोणाला विचारलं होतं?"

"मी बाप आहे!"

"तेच तर म्हणतोय. बाप असून लपूनछपून."

"अरे, समोरासमोर बसलायत," आत्या वैतागली. "मला कशाला मधे घालता?"

वहिनीने हात वर केला, जणू शाळेतच बसली होती. "चुकलं ते सगळ्यांचंच चुकलं. आता कमी काय करायचं ते बघू या. माझं म्हणणं, गणित, भौतिक आणि जीवशास्त्र यांचा एकमेकांशी मेळ बसतो. ती तीन ठेवावीत आणि बाकीची दोन साधी घ्यावीत."

दादाचा चेहरा खुलला. "बरोबर बोलतेय ती." एरवी वहिनीचं कौतुक त्याच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं.

"वा रे वा," बाळ्या रुतलेल्या जागेवरून उठायचा प्रयत्न करत म्हणाला. "म्हणजे माझं गेलं. माझी बायको, आणि दादाच्या बाजूला!"

"बाजू कसली त्यात? माझा विषय आहे, म्हणून बोलतेय," वहिनी म्हणाली आणि मग तिचंच तिला खटकलं. "म्हणजे, तिचा विषय."

"तीन म्हणजे सुद्धा बाकी सगळं सुटतं, असं बाई म्हणाल्या होत्या," अप्पा म्हणाले. "दोनच ठेवा. गणित पाहिजेच. राहिला एक, त्यावर तुम्ही भांडा." स्वतःचा विषय पदरात पाडून घेऊन त्यांनी असा काही न्यायाधीशाचा आव आणला, की दादा आणि बाळ्या दोघांनीही एकदमच "वा अप्पा!" म्हटलं आणि मग दोघेही दुसरीकडे बघायला लागले.

"आणि साहित्य कोणाचं?" वहिनीने विचारलं. "ते अजून कोणी बोललंच नाही."

"माझं नाही," अप्पा म्हणाले.

"माझं तर नाहीच," दादा म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांच्या नजरा आत्यावर येऊन थांबल्या. ती इतका वेळ मोठ्या टेबलाला टेकून उभी होती, मनातल्या मनात सगळ्यांना बोल लावत होती. पोरीचं काय करून ठेवलंय यांनी, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. तिची कानशिलं तापली.

"माझं," ती म्हणाली.

"तू पण?" बाळ्या म्हणाला, आणि त्याला इतका आनंद झाला की तो लपेना. "मग ताई माझ्याकडे! अर्थशास्त्र आणि साहित्य एकीकडे."

"मी कोणाकडे नाही."

"आता असं कसं? हे दोघं तीन शास्त्रं घेऊन बसलेत. आपण दोघांनी..."

आवाज चढत गेले. दादाने फळीवर हात आपटला तशा खालच्या स्प्रिंगा किणकिणल्या. वहिनीने इस्पितळातल्या पगाराच्या आणि नोकरीच्या भरवशाच्या गोष्टी काढल्या. बाळ्याने कारखान्याकडे हात करून भविष्य या शब्दावर भाषण ठोकलं. टाचणी दोरा गुंडाळत होती. कोणी बोललं की ती त्याच्याकडे बघून किंचित मान हलवायची. प्रत्येकाला वाटावं, पोर आपल्याच बाजूची आहे. आत्या ते बघत होती. गेल्या काही महिन्यांतल्या प्रत्येक 'बरं'चा अर्थ तिला आता लागत होता.

शेवटी अप्पांनी हातोडी खुर्चीच्या दांड्यावर वाजवली. "पुरे. टाचणे, चहा टाक. तोवर आम्ही ठरवतो."

ही या घरची रीत. ज्याच्याविषयी ठरवायचं असेल त्याने चहा करायचा. कोणी मुद्दाम लावलेली नव्हे, अप्पांच्या आईच्या काळापासून तशीच चालत आलेली. ज्याचं काम, त्याने उठावं, सगळ्यांसाठी चहा आणावा, आणि तो आला की अप्पांनी म्हणावं, "ठरलं." बाळ्याच्या लग्नाच्या वेळी चहा बाळ्याने केला होता. कारखान्याचं दुसरं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा दादाने.

टाचणी लगेच उठली. इतक्या चटकन उठली, की आत्याने टेबलाचा टेका सोडला. पोर सुटका झाल्यासारखी उठली होती. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. चला, आता आपल्याला काही बोलावं लागणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

आत्याला हा चेहरा ओळखीचा होता. शाळा संपली त्या वर्षी ती अशीच उठली होती. तेव्हा चहा वर घरात व्हायचा, तिथे खालचं काही ऐकू येत नसे. वर्गशिक्षिका घरी येऊन सांगून गेल्या होत्या, की हिला पुढे शिकू द्या, हिला भाषेची जाण आहे. म्हणून बैठक बसली होती. पातेल्यातल्या पाण्याकडे बघत तिने मनातल्या मनात कितीतरी वाक्यं जुळवली होती. मग ती खाली आली, सगळ्यांच्या हातात पेले दिले, अप्पा म्हणाले, "ठरलं," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने तिच्या हातात मोठी कात्री ठेवली. कोणी काय म्हटलं, कोण तिच्या बाजूने होतं, कोणी होतं की नव्हतं, हे तिला आजतागायत माहीत नव्हतं. विचारायचं राहूनच गेलं. ती वाक्यंही कुठे गेली कोण जाणे.

"टाचणे, खाली बस," ती म्हणाली.

"अगं, चहा..."

"चहा मी करते."

"असं कसं?" अप्पा म्हणाले. "तू मोठी, तुझं मत पाहिजे इथे."

"माझं मत तिच्या डोक्यावर बसलंय अप्पा, पाचातलं एक. आणखी किती मत देऊ?" तिने टाचणीला खांद्याला धरून पाटावर बसवलं. "तुम्हाला ऐकायचं असेल तर तिचं ऐका. मी आत आहे."

"ती काय बोलणार?"

"ते तिला विचारा ना."

ती तरातरा मागे गेली. आता चहा कारखान्यातच व्हायचा, प्लायवूडच्या आडोशामागे, जुन्या गॅसवर. तिने पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, आणि काडी पेटवायचं विसरून कान लावून उभी राहिली.

बाहेर फळी करकरली. मग दादा म्हणाला, "बोल गं बाई. काय ते बोल."

"काही नाही," टाचणीचा आवाज आला. हसरा, गोड, काटे काढलेला. "मी करेन पाचही. जमतंय तसं. तुम्ही भांडू नका."

"बघा!" अप्पा म्हणाले. "पोर तयार आहे आणि आपणच..."

"खोटं बोलतेय!" आत्या आडोशामागून ओरडली. "काल फोममध्ये पडली होती चपला घालून!"

"चहावालीला मत नसतं!" दादा उलट ओरडला.

कोणीतरी फसकन हसलं. टाचणीच होती ती. आणि हसता हसता तिचा आवाज मोडला. आत्याने हातातली काडीपेटी घट्ट धरली.

"मला जमत नाहीये," टाचणी म्हणाली.

"एकाचं वाचायला घेतलं की दुसऱ्याचं राहिलंय असं वाटतं. मग ते सोडून दुसरं घेते, मग तिसऱ्याचं राहिलेलं असतं. काहीच डोक्यात जात नाही. पूर्वी जायचं. बाई म्हणाल्या, सोपं आहे, दोन नावं ठेव, बाकीच्यांवर रेघ मार. पण मला तिथे विषय दिसतच नाहीत. भौतिकावर रेघ मारायला गेले की काका दिसतात. अर्थशास्त्रावर गेले की बाबा. काकांचं ठेवलं आणि बाबांचं सोडलं, तर बाबांना वाटेल मी काकांकडे गेले. बाबांचं ठेवलं तर काकांना वाटेल. म्हणून म्हटलं, सगळंच घेते. निदान घरात..."

आत्याने पदराने डोळे पुसले. तिला रडू आलं ते पोरीसाठी आलं, आणि थोडं त्या वरच्या स्वयंपाकघरात वाक्यं जुळवत उभ्या असलेल्या मुलीसाठीही आलं. तिने काडी ओढली.

वहिनीचा आवाज आला, अगदी हळू. रक्त काढताना घाबरलेल्या रुग्णाशी बोलते तसा. "समज, आमच्यापैकी कोणीच तुला काही म्हटलं नसतं. मग काय घेतलं असतंस?"

"कोणी रागावणार नाही?"

"आधी सांग."

"गणित," टाचणी म्हणाली. "आजोबांसाठी नाही. म्हणजे, आजोबा, तुम्हाला आवडेल ते बरंच आहे. पण मला ते सुटलं की बरं वाटतं. एकटीला. आणि जीवशास्त्र. आई, तू तो थेंब दाखवलास ना, ते सारखं डोळ्यांसमोर येतं. ते मला आणखी बघायचंय." ती श्वास घ्यायला थांबली. "बाकीचे साधे घेते. काका, स्प्रिंगा मी तुमच्याकडून हातानेच शिकेन, शनिवारी. पोहून आल्यावर. आणि साहित्य तर सगळ्यात आधी सोडते."

"आत्याचं? सगळ्यात आधी?" दादाला ते लागलं असावं, आवाजावरून तसं वाटलं. "का गं?"

"कारण आत्या कधी रागावत नाही."

चहा उतू गेला. आत्याने पातेलं उचलायला हात घातला, बोट भाजलं, आणि ते तोंडात धरून ती तशीच उभी राहिली. एवढ्या सगळ्यांत पोरीला तिची एकटीची भीती वाटत नव्हती, ही केवढी गोष्ट होती. आणि एवढ्या सगळ्यांत तिचंच पहिलं सुटलं होतं, हेही होतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि एकाने दुसरं कमी होत नव्हतं. तिला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. तिने मनाशी कबूल केलं की त्या पोरीच्या पुस्तकांतून आपणच शाळेत जायला निघालो होतो.

बाहेर बाळ्या म्हणत होता, "म्हणजे माझंही गेलं."

"माझं पण गेलं," दादा म्हणाला.

"तुला शनिवार तरी मिळाला."

"तो पोहून आल्यावर. तोवर दमलेली असणार ती."

मग दोघेही गप्प झाले, कारण आपण थेट एकमेकांशी बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. "तो नळ..." बाळ्या म्हणाला. "बघू मग," दादा म्हणाला. एवढ्यावर ते थांबलं, पण आत्याने ते ऐकलं आणि पेले मांडले.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. एक एक पेला दिला. अप्पांनी पेला घेतला आणि सवयीने तोंड उघडलं, "ठरलं."

आत्या समोर उभी राहिली, हलली नाही. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या हातातल्या ट्रेकडे, तिच्या चेहऱ्याकडे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. एवढ्या वर्षांत ते हलायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण हललं ते आज.

"नुसतं ठरलं काय?" ते स्वतःलाच म्हणाल्यासारखं म्हणाले. "हिला कधी कोणी नीट सांगितलंच नाही. टाचणे, ऊठ. काय ठरलं ते तिला सांग. सगळं सांग."

टाचणी उठून तिच्यासमोर आली. "गणित आणि जीवशास्त्र प्रगत," ती म्हणाली. "भौतिक साधं. अर्थशास्त्र साधं." मग तिने आत्याच्या हातातल्या ट्रेची कड धरली. "साहित्य साधं. आत्या, तू रागावली नाहीस ना?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. आत्या जन्मभर तेच म्हणत आली होती, तिच्या तोंडाला ते बसलेलं होतं. पण समोर त्याच तोंडवळ्याची, त्याच सवयीची पोर उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती.

"रागावले आहे," आत्या म्हणाली.

टाचणीचा चेहरा पडला. "मग मी..."

"मग काही नाही. साहित्य साधंच घ्यायचं. मी रागावले आहे, ते मी बघीन. दोन-चार दिवस राहीन रागावलेली, मग जाईल. तू चहा घे."

"पण तू..."

"मीपण रागावलोय," दादा फळीवरून म्हणाला. "भौतिकाचं काय वाईट होतं?"

"मी त्याच्याही आधीपासून रागावलोय," बाळ्या म्हणाला. "पण घे तू, तुला हवं ते घे."

टाचणीने एकेकाकडे पाहिलं. कोणी उठून जाईल, काही फुटेल, कोणी जिन्यावर पाय आपटत निघेल, अशी ती वाट बघत होती. दादाने बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडल्यावर बोटाने काढायला लागला. बाळ्या गुंडाळीतून उठता येईना म्हणून वहिनीचा हात मागत होता. सगळे रागावलेले होते आणि सगळे चहा पीत होते. टाचणी पाटावर बसली. बोटाचा दोरा सोडून तिने पेला दोन्ही हातांत धरला आणि एक घोट घेतला.

"आत्या," ती म्हणाली, "यात साखर नाहीये. अगदी वाईट झालाय."

त्या पोरीने कधी कोणाच्या हातच्या कशाला नाव ठेवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आत्याने स्वतःचा पेला तोंडाला लावला. खरंच साखर नव्हती, आणि उकळून उकळून कडू झाला होता.

"आम्ही मघापासून गुपचूप पितोय," वहिनी म्हणाली. "कोणाची हिंमत होईना."

टाचणी हसायला लागली. मग रडायला लागली आणि पुन्हा हसायला लागली. आत्या खाली तिच्या शेजारी पाटाच्या कडेला टेकली आणि तिचा कुरतडलेला अंगठा आपल्या हातात घेऊन बसली. "थांब, मी साखर आणते," असं म्हणून टाचणी उठायला लागली, तशी आत्याही उठायला लागली.

"बसा दोघी," अप्पा म्हणाले. खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन, गुडघा धरत ते उभे राहिले, आणि आडोशामागे जाऊन त्यांनी तिथून विचारलं, "साखर कुठे असते या घरात?"